सुट्टीत भरणारी शाळा

मोठी काकी भांडायला लागली की तिचा आवाज खाली यायचा. बाकीची माणसं चिडली की ओरडतात. मी तर आजही कोर्टाच्या पॅसेजमध्ये अशी ओरडते की आतला शिपाई उठून दार लावून घेतो. काकीचं सगळं उलटं. राग जेवढा मोठा, तेवढा आवाज बारीक. शेवटी शेवटी तर नुसते ओठ हलायचे आणि समोरच्याला ऐकायला पुढे वाकावं लागायचं. एकदा का माणूस वाकला की संपला, मग काकी त्याला सोडत नसे. पूर्णा गावात सगळे म्हणायचे, त्या बाईच्या तोंडाला लागू नका. तिने आवाज चढवलेला मात्र गावात एकानेही ऐकला नव्हता.

काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. माहेर राहनाळचं, डी.एड. झालेली. लग्न ठरलं आणि त्याच सुमाराला तिला सरकारी शाळेत नोकरीची ऑर्डर आली. आमच्या आजोबांनी, आबांनी, निरोप पाठवला, "आमचे घरच्या सुना नोकरी करीत न्हाय." झालं, विषय संपला. पुढे आमच्या भाताच्या जमिनीवर गोडाऊनं उभी राहिली, दारात गाड्या आल्या, बाप्यांच्या गळ्यात सोन्याच्या साखळ्या आल्या. गावातल्या शिकल्यासवरल्या सुना मात्र होत्या तिथेच राहिल्या, गॅसच्या शेगडीसमोर. काकीला मूल झालं नाही, त्यामुळे तिला तर कोणीही काहीही बोलावं. या सगळ्याचा मला संताप येतो. अजून येतो, आणि तो शांत व्हावा अशी माझी अजिबात इच्छा नाही.

घरात आम्ही पाच पोरं. मी आणि माझा धाकटा भाऊ नितीन, आणि मधल्या काकांची तिघं. पाचही जणांना भिवंडीतल्या एका नव्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. नितीन बोलताना अडखळायचा. शब्दाचं पहिलं अक्षर त्याच्या ओठात अडकून बसायचं, मान ताणली जायची, डोळे मिटायचे. वर्गात पोरं हसायची, ते एक वेळ सोडा, पोरंच ती. पण एक दिवस शाळेत तपासणीला कोणी साहेब यायचे होते. साहेबांनी चुकून नितीनला उभं केलं तर शाळेची शोभा होईल, म्हणून बाईंनी त्याला सकाळपासून शिपायाच्या खोलीत बसवून ठेवलं. झाडू, बादल्या, फिनेलचे कॅन, आणि त्यात माझा भाऊ.

नेमकी त्या दिवशी काकी आमचे विसरलेले डबे घेऊन शाळेत आली. शिपायाच्या खोलीचं दार उघडं होतं. तिने नितीनला पाहिलं, त्याच्या हातात डबा दिला, म्हणाली, "आधी जेव." तो जेवेपर्यंत ती तिथेच बादलीशेजारी उभी राहिली. मग हेडबाईंकडे गेली. आत काय बोलली ते कोणालाच ऐकू आलं नाही, इतकी ती चिडली होती. बाहेर आली ती सरळ आमच्या वर्गांवर गेली आणि एकेकाला दप्तरासकट उठवत सुटली. हेडबाई मागे धावत होत्या, "अहो, प्रश्न फक्त त्या एका मुलाचा आहे!" काकी म्हणाली, "एकाला लपवलंत ना? आता पाचही नेते." एका रिक्षात सहा माणसं बसून आम्ही घरी आलो.

घरात जो तमाशा झाला तो विचारू नका. मधले काका म्हणाले, माझ्या पोरांचा काय संबंध? माझे वडील म्हणाले, नितीन थोडा वेळ खोलीत बसला तर काय मोठं आभाळ कोसळलं! सख्खा बाप हो! मोठे काका, म्हणजे काकीचा नवरा, गोडाऊनवर जातो म्हणून उठून गेले. काकीने आबांसमोर उभं राहून एवढंच सांगितलं, की मी शिकवते, पाचही जणांना, घरी. आबांना सुनेला सरळ हो म्हणायचं नव्हतं आणि नाही म्हणावं तर नितीनचा चेहरा समोर होता. त्यांनी आमच्या लोकांना सुचावा तसाच तोडगा काढला. "भाऊबीजेला जावई येतान. त्याई शालेच्या कमिटीत हान. पोरांना काय येतं, काय न्हाय, ते त्याई बघतील. जावई सांगतील तसा करायचा."

म्हणजे बघा, ज्या शाळेने माझ्या भावाला झाडूशेजारी बसवलं, त्याच शाळेच्या कमिटीवर आमच्या आत्याचे यजमान होते, आणि तेच आता न्यायाधीश. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. जावई म्हटला की आमच्याकडे माणसाची अक्कल विचारत नाहीत, त्याला उंच खुर्ची देतात.

गणपती नुकतेच गेले होते, दिवाळीला वेळ होता. काकीची शाळा ओटीवर भरायला लागली. खाली गोणपाट, भिंतीला एक फळा, बाहेर गोडाऊनच्या रस्त्यावर कंटेनर मागे घेणाऱ्या क्लीनरची हाळी, "आने दो, आने दो!" पाच पोरं चार इयत्तांची. मधल्या काकांच्या थोरल्याला गणित घालून द्यायची, तो ते सोडवेपर्यंत मला व्याकरण, मला लिहायला लावून धाकटीला पाढे. हात कढीपत्ता निवडतायत आणि डोळे पाचही वह्यांवर. कोणी दबकत, पुटपुटत उत्तर दिलं की म्हणायची, "चुकायचं तर मोठ्याने चुका. मला ऐकू तर येऊ दे काय चुकलं." स्वतः चिडल्यावर कुजबुजणारी बाई आम्हाला मोठ्याने बोलायला लावायची, याचं आम्हाला भारी हसू यायचं.

नितीनच्या बाबतीत तिचा एकच कायदा होता. त्याचं वाक्य दुसऱ्या कोणी पुरं करायचं नाही. आम्हाला सगळ्यांना ती वाईट खोड होती. त्याने "पा... पा..." केलं की आम्ही पाचसहा तोंडांनी "पाणी? पाव? पाटी?" करत सुटायचो, आणि वर वाटायचं, आपण मदत करतोय. काकीने ते बंद पाडलं. त्याचा शब्द त्याच्या तोंडून येईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं. भाजी करपली तरी थांबायचं. एकदा मधले काका घाईत होते, त्यांनी त्याचं वाक्य पुरं केलं. काकी त्यांच्याजवळ गेली आणि अगदी हळू म्हणाली, "भावजी, त्याच्या ताटातला घास उचलता का तुम्ही? मग शब्द का उचलता?" काका पुढे वाकले होते, ते तसेच पाय न वाजवता निघून गेले. नितीनला मात्र ती कधी शुद्ध भाषेत धीर देत नसे. तेव्हा तिची राहनाळची बोली यायची. "बोल रं बाला. मी हाय."

आणि मग दिवाळी आली. भाऊबीजेची परीक्षा तोंडावर, घरातले सगळे धास्तावलेले. दुसरी कोणी असती तर पोरांना रात्रंदिवस घोकायला बसवलं असतं. काकीने काय करावं? वसुबारसेच्या सकाळी आमची सगळी पुस्तकं गोळा केली, ट्रंकेत घातली, कुलूप लावलं. "सुट्टी लागली," म्हणाली. "आता भाऊबीजेपर्यंत रोज सकाळी एक तास. बाकी दिवस तुमचा."

माझी आई तशी गरीब. सासऱ्यासमोर तिच्या तोंडून कधी शब्द फुटला नव्हता. ती धावत आली. "वहिनी, अवं असं काय करता? परीक्षा हाय ना पोरांची! वाचू द्या त्यांना जरा." काकी चकल्यांची भाजणी चाळत होती. चाळणी न थांबवता म्हणाली, "सुट्टी म्हणजे सुट्टी. त्या माणसाच्या भीतीने मी पोरांची दिवाळी खाणार नाही." आई म्हणाली, "न्हाय जमलं मंग?" काकी म्हणाली, "जमलं नाही तर माझं जाईल. त्यांची दिवाळी का जावी?"

तो सकाळचा एक तास म्हणजे काय, तर नव्या भाताचे पोहे खाऊन झाले की आम्ही ओटीच्या पायरीवर बसायचं, आणि एकेकाने उभं राहून कालच्या दिवसातली एक गोष्ट सांगायची. डोळ्याने बघितलेली. ऐकीव नको, पुस्तकातली नको. थोरला खाडीवर चिंबोऱ्या पकडायला गेला होता, एकीने त्याचं बोट कसं धरलं ते त्याने सांगितलं. मी आबांची चुगली केली, की ते डायबिटीस असून करंज्या चोरतात. आबा आत होते, त्यांनी ऐकलं. नितीनने नरकचतुर्दशीला कारिटाचं फळ फोडताना ते अंगठ्याखालून सटकून थेट शेजारच्या म्हातारीच्या रांगोळीत कसं गेलं, ते सांगितलं. ती एवढीशी गोष्ट सांगायला त्याला बराच वेळ लागला. पोह्यांच्या बशांवर माशा बसल्या, पण कोणी हललं नाही. शेवटी म्हातारीची नक्कल त्याने अशी केली की माझी आई दारात पदर तोंडाला लावून हसत होती. नक्कल करताना तो एकदाही अडखळला नाही.

बाकी दिवसभर मोकळं रान. मधल्या काकांची धाकटी फार हुशारी दाखवायची. एकदा तिने विचारलं, "काकी, चकलीची वेटोळी मोजू का? म्हणजे गणित होईल." काकी म्हणाली, "चकली खा मुकाट. दिवाळीत गणित केलंस तर कान धरीन."

भाऊबीजेला आत्या आणि आतोबा आले. ओवाळणी झाली. आतोबा उंच खुर्चीत बसले, मांडीवर फराळाची थाळी, आणि बॅगेतून काय काढावं? शाळेचं पुस्तक. सणाला माणूस मिठाई आणतो, यांनी पुस्तक आणलं. आम्ही पाच जण ओळीने उभे. थोरल्याने गणित बरोबर सांगितलं, मीही निभावलं. धाकटी इंग्रजी शब्दांत घसरली. आतोबांनी विचारलं, "पुस्तक वाचत नाहीस का गं?" ती भाबडी म्हणाली, "काकीनं ट्रंकेत ठेवलंय. कुलूप लावून." आतोबा असे हसले की तोंडातला चिवडा उडाला. "ऐकलंत का आबा? पुस्तकं ट्रंकेत! ही यांची शाळा!" सगळे बाप्ये हसले. माझे वडीलही. मी त्या वयातही सगळ्यांची तोंडं लक्षात ठेवली.

मग नितीन. आतोबा म्हणाले, "तुला सोपं विचारतो हां. पूर्ण नाव आणि पत्ता सांग." सोपं! नावातला 'न' हाच त्याचा सगळ्यात मोठा वैरी, आणि हे आत्याच्या नवऱ्याला चांगलं ठाऊक होतं. नितीनने सुरुवात केली. मान ताणली, डोळे मिटले. माझ्या वडिलांना राहवेना, लाज वाटली असेल. ते म्हणाले, "नितीन म्हण ना रं!" काकी इतक्या हळू बोलली की फक्त आम्हा पोरांना ऐकू गेलं. "त्याचं नाव त्याला घेऊ द्या." आणि नितीनने घेतलं. स्वतःचं, बापाचं, आडनाव, मुक्काम पूर्णा, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे. एकही शब्द न गाळता, दर शब्दाला झगडत, शेवटपर्यंत. घामाने निथळला होता, पण झाल्यावर मान वर करून आतोबांकडे बघत होता.

कोणत्याही माणसाला पाझर फुटला असता. आतोबांनी शंकरपाळा तोंडात टाकला. "छान, छान. पण वर्गात एवढा वेळ कोणाला आहे? आबा, माझं ऐकाल तर ही चार पोरं सुट्टी संपली की शाळेत पाठवा, मी हेडबाईंशी बोलतो. हा राहू दे घरी. याच्यामुळे शाळेचा निकाल बिघडतो." मग काकीकडे बघून म्हणाले, "तुम्हालाही विरंगुळा होईल, वहिनी. तुम्हाला स्वतःचं मूल तर नाही."

हे वाक्य लिहितानाही माझे दात आवळले जातात. भर सणाला, भरल्या घरात, तिने केलेल्या करंज्या खाता खाता!

आबा म्हणाले, "पाव्हनं सांगतान ते बरोबर हाय." काकी पुढे आली. तिचे ओठ हलताना दिसले, पण आवाज नाहीच. आबांना खुर्चीतून पुढे वाकावं लागलं. तेव्हा ऐकू आलं, "पाचातला एक वेगळा काढायचा नाही. सगळे जातील, नाहीतर कोणी नाही." आबा म्हणाले, "सनाचा दिस हाय. जावयाचा मान हाय. गप ऱ्हा." काकी म्हणाली, "मान त्या पोराचाही आहे, आबा." पण आबांनी हात वर केला. आमच्या घरात आबांचा हात वर झाला की बोलणं संपायचं. काकी हरली होती, आणि तिला ते कळलं होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. "माझी दोन न्हाय जायाची." आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं. माझी आई. डोक्यावर पदर, हातात झारा. वडील ओरडले, "तुना कोनी इचारलं?" आई म्हणाली, "कोनी न्हाय इचारलं. म्हनूनशी सांगतंय. माझी दोन्ही पोरं वहिनींकडंच शिकतील." आणि आत निघून गेली. आत कढई खाली ठेवल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तिचं रडणं. आबांचा हात वर होता तो हळूहळू खाली आला. त्यांनी तिला नाही म्हटलं नाही.

सुट्टी संपली आणि मधल्या काकांची तिघं शाळेत गेली. तिघं रडत होती. काकीने त्यांच्या बुटांना पॉलिश केलं, टाय बांधले, धाकटीच्या वेण्या घातल्या, आणि म्हणाली, "तिकडच्या बाईंचं ऐकायचं. माझ्यासाठी त्यांच्याशी भांडायचं नाही. भांडायला मी आहे." नितीन आणि मी दहावीपर्यंत तिच्याकडे शिकलो आणि बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरून परीक्षेला बसलो. आम्ही पास झालो तेव्हा आतोबांनी पेढे वाटले. आपलं काही चुकलं असं त्यांच्या डोक्यात कधी आलंच नाही. अशा माणसांना रात्री झोप कशी लागते, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

पण एक गोष्ट त्यांना थांबवता आली नाही. दरवर्षी शाळेला दिवाळीची सुट्टी लागली की मधल्या काकांची तिघं पोह्यांच्या वेळेला ओटीवर हजर. शाळेने दिलेला सुट्टीचा अभ्यास दप्तरात तसाच. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत पाचही जण पायरीवर, रोज एक तास, एकेक गोष्ट. गल्लीतली दोनचार पोरंही येऊन बसायची. वर्षभर दोघांची असलेली शाळा सुट्टीत भरून जायची. आबाही आतून कान देऊन ऐकायचे, आणि नितीन बोलायला उभा राहिला की टीव्हीचा आवाज बंद करायचे. तोंडाने कधी काही बोलले नाहीत. आमच्या घरातले बाप्ये बोलायच्या जागी बोलत नाहीत, एवढंच मला त्यांच्याबद्दल म्हणायचं आहे.

नितीन डिप्लोमाला आणि मी लॉ कॉलेजात असताना काकी काविळीने गेली. घरच्यांनी आधी कुठलासा पाला आणून दिला, दवाखान्यात न्यायला उशीर केला. त्यावर मी जास्त लिहीत नाही. दहाव्याच्या आधी गावच्या नाक्यावर फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. काकीचा फोटो कुठल्यातरी लग्नातून कापलेला, टपालाच्या तिकिटाएवढा. खाली शोकाकुल म्हणून आमच्या घरातले सगळे बाप्ये, साखळ्यांसकट, आणि सगळ्यात मोठा चेहरा आतोबांचा. काकीच्या नावाखाली लिहिलं होतं, "आदर्श गृहिणी".

मी तशीच नारपोलीच्या फ्लेक्सवाल्याकडे गेले. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, साहब ने जो लिखवाया वही छापा." मी म्हटलं, "अब मैं जो बोलती हूँ वो छापो." नवा फ्लेक्स केला. त्यावर एकच फोटो, तिचा. नाव, आणि खाली "शिक्षिका". नितीन शिडी लावून तो बांधत होता, मी खालून दोरी देत होते, तेवढ्यात आतोबांची गाडी नाक्यावर थांबली. काच खाली झाली. त्यांनी वर वाचलं.

"शिक्षिका?" ते म्हणाले. "कुठल्या शाळेत होती ही?"

मी तोंड उघडलं होतं. माझ्याकडे त्या माणसासाठी कितीतरी वर्षांचं साठलेलं होतं, आणि अख्खं पूर्णा गोळा होईल एवढा आवाजही होता. पण नितीन शिडीवरून वळला. त्याची मान ताणली गेली, डोळे मिटले. मागे ट्रेलर हॉर्न वाजवत होता, आतोबांची गाडी रस्त्यात होती. त्याला लागला तेवढा वेळ लागला.

"आमच्या," तो म्हणाला.

आतोबांनी काच वर केली. नितीन परत वळून वरची गाठ मारायला लागला.